आधीच्यासारखं नाही

संगीतावर लिहिणाऱ्याला सगळ्यात सहज सुचणारं वाक्य म्हणजे ‘आधीच्यासारखं नाही’. रेडिओहेड या इंग्लिश बँडच्या ‘किड ए’ या अल्बमबद्दल मी ते २००० साली एका मराठी साप्ताहिकाच्या पुरवणीत लिहिलं. पुढे याच बँडचे नवे अल्बम येत गेले आणि मी वेगवेगळ्या शब्दांत तेच लिहीत राहिलो. त्यातलं बरंचसं चुकलं.

मत बदलणं याला मी चूक म्हणत नाही. विशीत न रुचलेलं गाणं चाळिशीत जवळचं वाटू लागतं, हे चालायचंच. माझी चूक वेगळी होती. मी छापून आणलेली काही विधानं वस्तुस्थितीला धरून नव्हती, आणि अल्बम नीट ऐकला असता तर हे मला तेव्हाच कळलं असतं. ती विधानं इथे एकेक करून तपासतो आहे. आवडत्या बँडचा नवा अल्बम जुन्याशेजारी ठेवून निकाल लावणं आपण सगळेच करतो. ते करताना पाय कुठे घसरतो, हे मला आता बऱ्यापैकी ठाऊक झालं आहे.

रेडिओहेड म्हणजे ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातल्या एकाच शाळेतली पाच मुलं: थॉम यॉर्क, जॉनी आणि कॉलिन हे ग्रीनवुड बंधू, एड ओब्रायन आणि फिल सेल्वे. १९८५ पासून ते एकत्र वाजवत होते. १९९३ साली ‘पाब्लो हनी’ हा पहिला अल्बम आला आणि त्यातल्या ‘क्रीप’ या गाण्याने त्यांना जगभर नाव मिळवून दिलं. १९९५ साली ‘द बेंड्स’ आला आणि १९९७ साली ‘ओके कम्प्युटर’.

‘ओके कम्प्युटर’ आला तेव्हा मी मुंबईत कॉलेजात होतो. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून कॅसेट आणली आणि लोकलमध्ये वॉकमनवर ती ऐकायला लागलो. सहा मिनिटांहून मोठं ‘पॅरनॉइड अँड्रॉइड’, त्यात चाल, लय आणि मिजाज बदलत जाणारे भाग, आणि मध्येच फाटून निघणारी जॉनीची गिटार. ‘नो सर्प्रायझेस’मध्ये खेळण्यासारखा किणकिणणारा ग्लॉकेनश्पील आणि त्यावर थकलेल्या माणसाचं गाणं. प्रवास, यंत्रं, वेग, अपघाताची भीती आणि एकटेपण या विषयांवरचा तो अल्बम मला दादर स्टेशनच्या पुलावर उभं राहून ऐकताना माझ्याच शहराबद्दलचा वाटायचा. इतकं जवळचं संगीत मला तोवर मिळालं नव्हतं. माझ्या पुढच्या सगळ्या चुका या प्रेमातून निघाल्या, म्हणून त्याची नोंद आधी करतो.

आमच्या घरी बाबा नाट्यसंगीताचे वेडे. बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवर त्यांचा जीव. नंतरच्या कुणीही तीच पदं गायली की बाबा म्हणायचे, ‘ते पहिलं राहिलं नाही.’ मला त्याचा राग यायचा. नव्या गायकाचं गाणं संपायच्या आत हे त्याला जुन्या तराजूत कसं घालतात, असं मला वाटायचं. ‘किड ए’ आला तेव्हा मी नेमकं तेच केलं.

ऑक्टोबर २००० मध्ये ‘किड ए’ बाजारात आला. मधली तीन वर्षं मी वाट पाहत काढली होती. एका मित्राने बाहेरून सीडी मागवली होती, त्याच्याकडून मी ती साध्या कॅसेटवर भरून घेतली. पुरवणीसाठी मजकूर लगेच द्यायचा होता. मी घाईघाईत ऐकून परीक्षण लिहिलं. माझे आक्षेप तीन होते. एक, गिटारवर उभ्या राहिलेल्या बँडने गिटारच टाकून दिली आहे. दोन, गाण्यांना बांधणी नाही, नुसते आवाज आहेत. तीन, हे सगळं दुसऱ्यांकडून उचललेलं इलेक्ट्रॉनिक संगीत आहे, या पाच जणांचं असं त्यात काही नाही.

पहिला आक्षेप घेऊ. ‘गिटार नाही’ याचा पुरावा म्हणून मी पाचव्या तुकड्याचं, ‘ट्रीफिंगर्स’चं नाव घेतलं होतं. त्यात गाणं नाही, ठेका नाही, नुसते संथ पसरणारे सूर आहेत. सिंथेसायझरवर बोटं ठेवून सोडून दिली आहेत, असं मी लिहिलं. प्रत्यक्षात ‘ट्रीफिंगर्स’ गिटारचंच आहे. एड ओब्रायनने वाजवलेल्या गिटारचं रेकॉर्डिंग घेऊन, त्याचे तुकडे ताणून आणि त्यांचा पोत बदलून थॉम यॉर्कने ते रचलं. गिटार नसल्याचा पुरावा म्हणून मी जे पुढे केलं, तो अल्बममधला सर्वस्वी गिटारचा तुकडा होता. शिवाय त्याच्या आधीचं ‘हाउ टू डिसअपिअर कम्प्लीटली’ अकूस्टिक गिटारवर उभं आहे आणि त्याच्या नंतरचं ‘ऑप्टिमिस्टिक’ तर सरळ गिटारचं रॉक गाणं आहे. दोन्ही मी ऐकली होती. पण ‘गिटार गेली’ ही बातमी मी इंग्रजी मासिकांत आधीच वाचलेली होती, आणि मी त्या बातमीला धरून ऐकत गेलो.

दुसरा आक्षेप बांधणीचा. तो बाबांमुळे खोटा ठरला, तेही परीक्षण छापून आल्यानंतर. सुट्टीच्या दिवशी मी घरच्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावली होती. पहिलं गाणं ‘एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस’. त्यात ड्रमसेट वाजत नाही. की-बोर्डच्या सुरावटी येतात आणि खाली एक मऊ ठोका सारखा पडत राहतो. बाबा पेपर वाचत होते. त्यांची बोटं गुडघ्यावर चालायला लागली.

‘दहा मात्रा आहेत रे,’ ते म्हणाले.

मी म्हटलं, ‘कसल्या?’

‘अरे, आवर्तन दहाचं आहे. झपतालाचे विभाग नाहीत, पण दहावर फिरून बरोबर समेवर येतंय. मोजून बघ.’

मी मोजलं. आवर्तन दहाचंच होतं. रॉकमध्ये बहुतेक सगळं चारच्या हिशेबात चालतं आणि हे गाणं दहावर चालूनही कुठे अडखळत नाही. उलट ते एखाद्या गोल जिन्यावरून उतरल्यासारखं वाटतं, ते या दहामुळेच. याच अल्बममधलं ‘मॉर्निंग बेल’ पाचाच्या हिशेबात आहे. जिथे इतकी नेमकी बांधणी होती तिथे मी ‘बांधणी नाही’ असं छापून आणलं होतं. गाण्याला कडवं आणि धृपद नसलं की बांधणीच नाही, असं मी धरून चाललो होतो. बाबांनी कडवं शोधलंच नाही, त्यांनी आवर्तन शोधलं.

त्याच दिवशी शेवटचं गाणं लागलं, ‘मोशन पिक्चर साउंडट्रॅक’. सुरुवातीचे सूर कानावर पडले आणि बाबांनी पेपर खाली ठेवला. ‘हा ऑर्गन आहे. पायाने भाता मारायचा. आपल्या नाटकांत वाजायचा तोच.’ तेही बरोबर होतं. ते गाणं थॉम यॉर्क पायाच्या ऑर्गनवर वाजवतो आणि वर हार्पचे सूर शिंपडलेले आहेत. भात्याने घेतलेला श्वास त्यात ऐकू येतो. संगीत नाटकांच्या पिटात पिढ्यान्‌पिढ्या वाजलेलं ते वाद्य इंग्लंडातल्या सगळ्यात ‘आधुनिक’ म्हणवल्या गेलेल्या अल्बमच्या अखेरीला वाजत होतं, आणि मी त्याला ‘इलेक्ट्रॉनिक’ म्हणून मोकळा झालो होतो.

ऑर्गन थांबला आणि मी सवयीने बटण दाबायला उठलो. बाबा म्हणाले, ‘राहू दे की.’ कॅसेट तशीच फिरत राहिली. साधारण मिनिटभर काहीच नव्हतं. मग अचानक एक स्वरांचा लोट आला, मिनिटभर भरून राहिला आणि विरला. त्यानंतर पुन्हा शांतता. हा छोटा, नाव नसलेला तुकडा अल्बमचा खरा शेवट आहे. तो मी परीक्षण लिहिताना ऐकलेलाच नव्हता, कारण दर वेळी मी त्याच्या आधी टेप बंद केला होता. ज्या अल्बमचा शेवट ऐकला नाही त्याच्यावर मी ‘शेवटही ठिसूळ’ असं लिहिलं होतं. माझ्या सगळ्या चुकांत ही मला सर्वांत जास्त लागते. बाकीच्या चुका समजुतीच्या होत्या. ही कामातली कसूर होती, आणि वाचक आपल्यावर विश्वास ठेवून पैसे खर्च करतो किंवा करत नाही, तेव्हा अशा कसुरीला माफी नाही.

तिसरा आक्षेप उसनवारीचा. ‘ओके कम्प्युटर’नंतरच्या लांबलचक दौऱ्याने थॉम यॉर्क खचला होता. ग्रँट जी या दिग्दर्शकाचा ‘मीटिंग पीपल इज ईझी’ हा १९९८ चा माहितीपट पाहिला तर तो थकवा अंगावर येतो. त्याला शब्द सुचेनात, गिटारवरची गाणी नकोशी झाली, आणि तो वॉर्प या कंपनीचं एफेक्स ट्विन, ऑटेकर वगैरेंचं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायला लागला. हे सगळं खरं. पण मी इथेच थांबलो आणि ‘उचललेलं’ असा शिक्का मारला. त्यांनी उचललेल्या गोष्टीचं काय केलं, हे पाहिलं नाही.

‘इडिओटेक’चं उदाहरण देतो. जॉनी ग्रीनवुडला अमेरिकेत एक जुनी एलपी सापडली, १९७६ सालची, इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्पर्धेतल्या विजेत्यांची. तिच्यात पॉल लान्स्की या अमेरिकी संगीतकाराची १९७३ ची संगणकावर केलेली रचना होती. त्यातले चार स्वरमेळ जॉनीने आपल्या सिंथेसायझरच्या सुमारे पन्नास मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये मिसळले. थॉमने त्या पन्नास मिनिटांतून छोटासा भाग उचलला आणि त्यावर गाणं बांधलं. लान्स्कींना त्याचं श्रेय रीतसर दिलेलं आहे. लान्स्कींच्या रचनेचं नावच वाग्नरच्या एका ऑपेरातून आलेलं आहे, म्हणजे ती सुरावट एकोणिसाव्या शतकापासून हातोहात चालत आली आहे. घराण्यातली बंदिश शिष्य नव्याने मांडतो तेव्हा आपण त्याला चोर म्हणत नाही. तो न्याय मी इथे लावला नाही.

आणि ‘द नॅशनल अँथम’मध्ये जी बासची ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत घुमत राहते, जिच्यावर नंतर ब्रासवाद्यांचा गोंधळ कोसळतो, ती थॉमने सोळाव्या वर्षी, शाळेत असताना केलेली होती. रेकॉर्डवर ती त्यानेच वाजवली आहे. ‘यांचं असं काही नाही’ असं मी ज्या गाण्याबद्दल म्हणालो, ते या पोरांच्या शाळेच्या दिवसांइतकं जुनं निघालं.

माझी सोबत करणारे कमी नव्हते. ब्रिटनच्या ‘मेलडी मेकर’ने अल्बमला झोडपलं, कादंबरीकार निक हॉर्नबी यांनीही ‘न्यू यॉर्कर’मध्ये नाराजी लिहिली. दुसरीकडे ‘पिचफोर्क’ने दहापैकी दहा गुण दिले. एकही सिंगल विक्रीला न काढता आणि नेहमीसारखा व्हिडिओ न करता अल्बम ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला, आणि नऊ वर्षांनी ‘रोलिंग स्टोन’ने त्याला दशकातला सर्वोत्तम ठरवलं. पण नंतर जगाने डोक्यावर घेतला म्हणून मी चुकलो असं मी मानत नाही. जग त्याला विसरून गेलं असतं तरी ‘ट्रीफिंगर्स’मध्ये गिटारच असती.

एक गोष्ट मात्र मला दिलासा देते. बँडमधल्या ओब्रायनलाही सुरुवातीला तेच हवं होतं जे मला हवं होतं. ‘ओके कम्प्युटर’नंतर छोटी, सुरेल, गिटारची गाणी करावीत असा त्याचा विचार होता. पॅरिस, कोपनहेगन, ग्लॉस्टरशायर आणि ऑक्सफर्ड असं फिरत चाललेल्या त्या रेकॉर्डिंगमध्ये बँड फुटायच्या बेतात आला होता, कारण कुणाला काय वाजवायचं तेच कळत नव्हतं. एका गाण्यात आपलं वाद्यच नसेल तर बाजूला बसायचं, ही गोष्ट पाच जणांना शिकावी लागली. जॉनी ओंद मार्तनो नावाचं जुनं फ्रेंच विजेचं वाद्य घेऊन बसला. त्याला एक तार असते, तिला जोडलेली अंगठी बोटात घालून सरकवली की सलग मींड निघते. ‘हाउ टू डिसअपिअर कम्प्लीटली’मध्ये मागे जे रडल्यासारखं काही सरकत राहतं, ते हेच वाद्य आहे. त्याच गाण्यासाठी त्याने तंतुवाद्यांचा मेळ लिहिला आणि तो एका जुन्या ॲबीत रेकॉर्ड केला. ओब्रायनची निराशा माझ्यासारखीच होती, पण तो कामाला लागला आणि त्यातून ‘ट्रीफिंगर्स’ निघालं. मी निराशेचं परीक्षण करून छापलं.

यानंतर मी सुधारलो असं म्हणायला मला आवडलं असतं. २००१ च्या जूनमध्ये ‘अम्नेसियाक’ आला. ‘किड ए’च्याच रेकॉर्डिंगमधली ही गाणी आहेत हे माहीत होतं, म्हणून मी त्याला ‘उरलंसुरलं’ ठरवलं. आधी आला तो मुख्य अल्बम आणि मागून आला तो शिल्लक माल, एवढाच माझा हिशेब. पण दोन्ही एकाच वेळी घडत होते. दुसऱ्यात ‘पिरॅमिड साँग’सारखं गाणं आहे, जे या बँडच्या कुठल्याही गाण्यापुढे उभं राहील. बाजारात येण्याची तारीख ही संगीताची जन्मतारीख नसते, हे मला तेव्हा सुचलं नाही.

२००३ साली ‘हेल टू द थीफ’ आला आणि माझा लंबक दुसऱ्या टोकाला गेला. आता मी ‘किड ए’चा कट्टर भक्त झालो होतो. नव्या अल्बममध्ये गिटार परत आलेली पाहून मी ‘माघार’ हा शब्द वापरला. तीन वर्षांपूर्वी गिटार नाही म्हणून रुसलो, आता गिटार आहे म्हणून रुसलो. मोजपट्टी बदलली होती, मोजायची पद्धत तीच होती. ‘देअर देअर’मधले एकावर एक चढत जाणारे ढोल किंवा ‘२ + २ = ५’ मधली हळूहळू उसळणारी गिटार यांच्याबद्दल त्या लेखात एक ओळ नाही.

मात्र त्या लेखातलं एक वाक्य मी आजही मागे घेणार नाही. चौदा गाण्यांचा हा अल्बम लांबला आहे, असं मी लिहिलं होतं. २००८ साली थॉम यॉर्कने स्वतःच चार गाणी गाळून त्याचा नवा क्रम प्रसिद्ध केला. शाबासकी मिळवायला हे सांगत नाही. त्या लेखात बाकी सगळं मी ‘किड ए’शी ताडून लिहिलं होतं. हे एक वाक्य तेवढं हाच अल्बम पुन्हा पुन्हा ऐकून आलेलं होतं, आणि टिकलं ते तेच.

१० ऑक्टोबर २००७ ला ‘इन रेनबोज’ आला. जुन्या कंपनीशी करार संपलेला होता, बँडने अल्बम थेट डाउनलोडला ठेवला आणि किंमत ऐकणाऱ्यावर सोडली. मी भलामोठा लेख लिहिला, सगळा त्या किमतीबद्दल. संगीत उद्योगाचं काय होईल, कंपन्यांचं काय होईल, वगैरे. ‘वीअर्ड फिशेस’मध्ये तीन गिटारींच्या सुट्या स्वरांच्या माळा एकमेकींत कशा गुंफल्या आहेत, याला जागाच उरली नाही. आज किमतीचा तो प्रयोग इतिहासजमा झाला आहे आणि त्या माळा रोज कुठे ना कुठे ऐकल्या जातात.

२०११ च्या ‘द किंग ऑफ लिम्ब्ज’ला मी ‘जेमतेम सदतीस मिनिटांत आवरलेलं काम’ म्हणालो. त्याच वर्षी क्लाइव्ह डीमर या दुसऱ्या ड्रमरला सोबत घेऊन त्यांनी तीच गाणी स्टुडिओत समोरासमोर वाजवली, त्याचं चित्रीकरण निघालं, आणि रेकॉर्डवर जे मला यंत्रवत वाटलं होतं त्याच्या आत माणसांच्या हातांनी चालणारे किती ठेके एकमेकांवर रचलेले आहेत ते दिसलं. यावेळी निदान मी दुसरा लेख लिहून पहिला दुरुस्त केला.

या सगळ्याच्या मुळाशी काय होतं, ते मला २०१६ साली ‘अ मून शेप्ड पूल’ ऐकताना उमगलं. त्याचं शेवटचं गाणं ‘ट्रू लव्ह वेट्स’. हे गाणं बँड १९९५ पासून कार्यक्रमांत गात होता, म्हणजे ‘ओके कम्प्युटर’च्या आधीपासून. एकवीस वर्षं ते त्यांच्याजवळ होतं. गिटारवरचं ते गाणं अखेर पियानोवर, संथ आणि जवळजवळ मोडून पडलेल्या आवाजात अल्बमवर आलं. मग मी मागे जाऊन पाहू लागलो. ‘इन रेनबोज’मधलं ‘न्यूड’ नव्वदच्या दशकातलं. ‘मोशन पिक्चर साउंडट्रॅक’ तर ‘क्रीप’च्या काळातलं. सगळ्यात चकित करणारं उदाहरण ‘आय विल’ या गाण्याचं. त्याचं एक जुनं इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डिंग उलटं फिरवून ‘अम्नेसियाक’मधलं ‘लाइक स्पिनिंग प्लेट्स’ बांधलं, आणि खुद्द ‘आय विल’ त्यानंतर दोन वर्षांनी ‘हेल टू द थीफ’मध्ये आलं. म्हणजे आधीच्या अल्बममधलं गाणं नंतरच्या अल्बममधल्या गाण्यातून निघालेलं. मी ज्याला ‘आधीचं काम’ आणि ‘नंतरचं काम’ म्हणत होतो ती सरळ रेषा माझ्या कपाटातल्या कॅसेटींच्या क्रमात होती. या माणसांच्या कामात ती नव्हती.

तेव्हा मी बऱ्याच वर्षांनी ‘ओके कम्प्युटर’ पहिल्यापासून शेवटपर्यंत लावला. पहिलंच गाणं ‘एअरबॅग’. त्यातले ड्रम फिल सेल्वेने वाजवले आहेत, पण ते रेकॉर्ड करून, कापून, संगणकावर पुन्हा जोडलेले आहेत. डीजे शॅडोच्या कामावरून त्यांना ते सुचलं होतं. ‘फिटर हॅपिअर’ तर मॅकिंटॉश संगणकाच्या यांत्रिक आवाजात बोललेलं आहे, आणि मी तरुणपणी ते नेहमी पुढे ढकलायचो. ‘क्लाइंबिंग अप द वॉल्स’मध्ये सोळा व्हायोलिनं पाव-पाव सुराच्या अंतराने वाजतात. कापलेले ठेके, यंत्राचा आवाज, गाण्याच्या पलीकडे जाणारे सूर. ‘किड ए’मध्ये आलं म्हणून मी ज्यावर रागावलो होतो ते सगळं ‘ओके कम्प्युटर’मध्ये आधीच होतं. मी ‘किड ए’ची तुलना ‘ओके कम्प्युटर’शी केलीच नव्हती. मी ती केली होती लोकलमधल्या एका मुलाच्या आठवणीशी, ज्यात नको ती गाणी गाळलेली होती आणि गिटारी मोठ्या ऐकू येत होत्या. कुठलाही नवा अल्बम अशा आठवणीपुढे हरणारच.

म्हणून काही मी तुलना सोडलेली नाही. कलाकाराचं आधीचं काम माहीत असणं ही ऐकणाऱ्याची कमाई आहे, ती वाया का घालवायची? फक्त आता तुलना करायची तर दोन्ही अल्बम समोर असावे लागतात. जुना पूर्ण ऐकायचा, आपण तरुणपणी पुढे ढकललेल्या गाण्यांसकट. नवा एवढा ऐकायचा की त्यातल्या वाद्यांची नावं आणि मात्रा आपल्याला दुसऱ्या कुणाच्या लेखाविना सांगता याव्यात. आणि ‘हे नाही’ असं लिहिण्याआधी ते खरोखरच नाही ना, हे पुन्हा एकदा तपासायचं. काय नाही याची यादी नेहमी आपल्या अपेक्षेतून येते, काय आहे याची यादी रेकॉर्डमधून.

या कसोटीवर माझा आजचा निकाल असा. सुटी गाणी घेतली तर ‘ओके कम्प्युटर’ सरस आहे. ‘पॅरनॉइड अँड्रॉइड’ किंवा ‘लेट डाउन’च्या तोडीचं एकेकटं गाणं ‘किड ए’मध्ये क्वचितच सापडेल. पण एक अल्बम म्हणून, पहिल्या सुरापासून शेवटच्या शांततेपर्यंत एकसंध बांधलेलं काम म्हणून, ‘किड ए’ त्याच्याहून मोठा आहे. ‘अम्नेसियाक’ त्याच्या बरोबरीने ऐकावा. ‘हेल टू द थीफ’ यॉर्कच्या छोट्या क्रमाने ऐकावा. ‘इन रेनबोज’ नवख्या माणसाच्या हातात पहिला द्यावा. ‘द किंग ऑफ लिम्ब्ज’ची गाणी आधी ते चित्रीकरण पाहून मग रेकॉर्डवर ऐकावीत.

तुमच्या आवडत्या बँडचा, गायकाचा नवा अल्बम येईल आणि तो आधीच्यासारखा नसेल, तेव्हा लगेच कुणाला काही सांगू नका. जुना पुन्हा लावा, मग नवा लावा, आणि सगळे आवाज थांबले असं वाटलं तरी बटणाला हात लावू नका.